सही झाली, शिकवणं राहिलं

सोलापुरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी कारखान्याच्या ऑफिसात जाऊन सुरक्षा प्रशिक्षणाचं रजिस्टर मागा. ते हमखास मिळतं. तारीख असते, विषय असतो, शिकवणाऱ्याचं नाव असतं, खाली कामगारांच्या सह्या आणि अंगठे असतात. काही ठिकाणी फोटोही चिकटवलेले असतात: पिवळी हेल्मेटं घातलेली माणसं आणि मागे बॅनर. तपासणी होते, टॉवेल परदेशी जात असेल तर गिऱ्हाइकाचा ऑडिटर येऊन जातो, सगळ्यांना रजिस्टर दाखवलं जातं आणि विषय मिटतो. कामानिमित्त एमआयडीसीत जाणं-येणं असल्यामुळे अशी रजिस्टरं मी बरीच पाहिली आहेत. या कागदाला आपण प्रशिक्षणाचा पुरावा मानतो, तिथेच सगळं बिनसतं असं माझं ठाम मत आहे. त्या सहीवरून एवढंच कळतं की तो माणूस त्या दिवशी कामावर होता. आग लागली तर तो कुठून बाहेर पडेल, टाकीत उतर म्हटलं तर काय विचारेल, कॉस्टिक सोडा डोळ्यात उडाला तर पहिल्या मिनिटात काय करेल, यातलं काहीच ती सांगत नाही. अपघात झाला की मात्र तीच सही मालकाच्या वकिलाच्या हातात पडते. तो म्हणतो, ‘त्याला शिकवलं होतं, त्यानेच ऐकलं नाही.’

कायद्याने एवढ्यावर भागवा असं कधीच सांगितलं नव्हतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटा प्रत्येक कामगाराला माहीत असायला हव्यात आणि अशा वेळी काय करायचं याचं पुरेसं प्रशिक्षण त्याला दिलेलं असायला हवं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. भोपाळची वायुदुर्घटना घडल्यावर १९८७ साली कायदा दुरुस्त झाला. कामगाराला माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणं हे कारखानदाराचं कर्तव्य ठरलं आणि प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क ठरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली. तीतही हे कर्तव्य आहे. नियम मोडल्यामुळे कामगाराचा जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाखांचा दंड, किंवा दोन्ही. त्या दंडातला निम्मा तरी भाग वारसांना द्या असं न्यायालय सांगू शकतं. पूर्वी मृत्यूच्या प्रकरणातला किमान दंड २५ हजार होता. म्हणजे कागदावर कायदा कडकच झाला आहे. पण हे सगळं माणूस गेल्यानंतरचं. तो जाऊ नये म्हणून जे करायचं, ते अजून रजिस्टरातच अडकलेलं आहे.

१८ मे २०२५ ची पहाट या शहरात कोण विसरेल? अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. त्यात कारखान्याचे मालक होते, त्यांच्या घरातली माणसं होती, एक तान्हं मूल होतं आणि तिथेच राहणारं कामगाराचं कुटुंब होतं. तिथे कोण चुकलं याचा निवाडा मी इथे करणार नाही. पण त्या पहाटेने एक गोष्ट सगळ्या शहरापुढे मांडली. आपल्याकडे कारखाना आणि घर ही दोन ठिकाणं नाहीत. शहराच्या पूर्व भागात खाली माग आणि वर संसार ही रीतच आहे. एमआयडीसीतल्या शेडमध्येही पोटमाळ्यावर किंवा मागच्या खोलीत माणसं झोपतात, आणि त्यांत मालकही असतात. सुरक्षितता ही कामगारांची मागणी आणि मालकाचा खर्च, असं समजणाऱ्यांनी आपल्या शेडच्या वर कोण झोपतं ते एकदा आठवावं.

टॉवेलच्या कारखान्यात आग कशी वाढते हे नीट सांगायला हवं, कारण 'आग लागली तर धावत बाहेर या' एवढ्याने तिथे भागत नाही. टेरी टॉवेलला दोन्ही बाजूंनी सुताचे उभे फासे असतात. त्यांत हवा खेळते, म्हणून तो पाणी चांगलं टिपतो आणि म्हणूनच भराभर पेटतो. शेडच्या वाशांवर, वायरींवर, ट्यूबलाइटच्या पट्ट्यांवर कापसाच्या तुसाचा थर साचलेला असतो. त्यावर ठिणगी पडली की ज्वाळा छताच्या बाजूने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे काही क्षणांत जाते. माणूस बहुतेक वेळा जळून नाही, धुराने जातो. लाइट गेलेली, डोळ्यांत पाणी, छातीत धूर, मागांच्या ओळींमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट आणि त्या वाटेत मालाचे गठ्ठे ठेवलेले. अशा वेळी भिंतीवरची हिरवी पाटी दिसत नाही. जमिनीलगत वाकून, भिंतीला हात लावत, डावीकडे किती पावलं आणि मग दार, हे पायांना माहीत असावं लागतं. त्यासाठी अंधार करून चालून बघण्याखेरीज दुसरा उपाय नाही.

डाईंगमध्ये, म्हणजे सूत-कापड रंगवण्याच्या खात्यात, तर आग विझवायची साधी समजही उलटी पडते. ज्याला सगळे नुसतं हायड्रो म्हणतात, त्या सोडियम हायड्रोसल्फाइटला थोडा ओलावा लागला की तो आपोआप तापतो, गुदमरवणारा वायू सोडतो आणि पेटही घेतो. गळक्या पत्र्याखाली ठेवलेला अर्धा उघडा ड्रम धुमसायला लागला आणि कुणी घाईने त्यावर बादलीभर पाणी मारलं, तर ते पाणी आगीलाच मदत करतं. कॉस्टिकचंही तसंच. ते पाण्यात थोडं थोडं टाकायचं असतं, त्याच्यावर पाणी ओतायचं नसतं. नाहीतर उकळून अंगावर येतं. ही वाक्यं फार अवघड नाहीत. डाईंगमध्ये काम करणाऱ्या पोराला ती पहिल्या दिवशी, त्या ड्रमपाशी उभं करून, त्याच्या भाषेत सांगायला हवीत.

भाषेचं इथे मुद्दाम सांगतो, कारण सोलापूरचं हे वेगळेपण पुण्या-मुंबईत तयार झालेल्या प्रशिक्षणाच्या साच्यात बसत नाही. या शहराचं औद्योगिक काम चार भाषांत चालतं. मागावर तेलुगू, हिशेबात मराठी, शेजारी कन्नड, माल चढवताना हिंदी किंवा दख्खनी उर्दू, आणि आता उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेली पोरं वेगळीच. एका कारखान्यातल्या प्रशिक्षणाला मी हजर होतो. बाहेरून बोलावलेले गृहस्थ जाणकार होते, कळकळीने बोलत होते, पण पडद्यावरच्या पाट्या सगळ्या इंग्रजी आणि बोलणं पुस्तकी हिंदी. कोन वाइंडिंगवर काम करणारी एक बाई शेजारणीला हळूच विचारत होती, ‘एमंटुन्नाडु?’ काय म्हणतोय तो? शेजारीण म्हणाली, ‘आगीचं काहीतरी.’ एवढ्यात सह्यांचा कागद त्यांच्यापर्यंत आला. दोघींनी सही केली आणि पुढे दिला. त्या कारखान्याने पैसे खर्च केले, वेळ दिला, हेतूही चांगला होता. तरी त्या बाईपर्यंत पोचलं ते 'आगीचं काहीतरी' एवढंच.

त्याच कारखान्यात तीस वर्षं मागावर असलेला, तेलुगू आणि मराठी दोन्ही घरच्यासारखं बोलणारा जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, होता. दोन दिवस त्याला शिकवलं असतं, तर त्याने सगळ्यांना चहाच्या वेळात समजावून दिलं असतं. जुन्या गिरण्यांत काम शिकायची रीत अशीच होती. १८७० च्या दशकात ‘जुनी मिल’ नावाची इथली कापडगिरणी उभी राहिली तेव्हापासून नवशिक्या पोराला जॉबरच्या हाताखाली राहूनच मशीन कळत आलं. त्या काळाचं गुणगान मला करायचं नाही. कापसाच्या धुळीने छाती भरून जाणारा बिसिनोसिस हा आजार त्याच गिरण्यांतला. पण शिकवणारा आणि शिकणारा एकाच मशीनवर उभे असायचे, ही त्यांची गोष्ट आपण गिरण्या बंद पडल्या तशी सोडून दिली.

आता पैशाकडे येतो, कारण सुरक्षेवरच्या भाषणांत तोच विषय टाळला जातो. यंत्रमागावर मजुरी मिळते ती मीटरवर, नगावर किंवा किलोवर. विडीकामाला हजार विड्यांवर. म्हणजे माग थांबला की मजुरी थांबली. मागाच्या फिरत्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी काढून ठेवलेली असते, कारण दर वेळी ती खोलून परत लावायची तर पाच मिनिटं जातात आणि ती पाच मिनिटं कामगाराच्या खिशातून जातात. धागा तुटला की चालू मागात हात घालणारा माणूस बेफिकीर असतो असं समजणं मला अन्यायाचं वाटतं. चालू यंत्रात हात घालायचा नाही हे त्याला कुणी शिकवायची गरज नसते. तो हिशेब करतो, आणि आपण त्याला मजुरी ज्या पद्धतीने देतो त्या पद्धतीत त्याचा हिशेब बरोबर निघतो. त्याला तासभर प्रशिक्षणाला बसवलं आणि त्या तासाची मजुरी दिली नाही, तर त्याचं लक्ष घड्याळाकडेच राहणार. आपण कामगाराच्या सवयींना दोष देतो आणि मजुरीच्या दराकडे बघत नाही, हा या विषयातला सगळ्यात मोठा अप्रामाणिकपणा आहे.

जिल्ह्यात फिरलं की दुसरा धोका दिसतो. राज्यात साखर कारखान्यांची सर्वाधिक गर्दी सोलापूर जिल्ह्यात आहे. गाळपाच्या हंगामात सगळ्यांचं लक्ष बॉयलर आणि गव्हाणीकडे असतं. पण हंगाम संपला की टाक्या धुणं, वेल्डिंग, रंगकाम सुरू होतं, आणि ते बहुतेक ठेकेदाराच्या माणसांकडून होतं. मळीच्या टाकीत तळाशी राहिलेला गाळ आंबतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याला ना वास ना रंग. हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशीच बसून राहतो आणि प्राणवायूला वर ढकलतो. हवेत प्राणवायू साधारण २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानतात. टाकीत तो दहाच्याही खाली असू शकतो, आणि शिडीवरून उतरणारा माणूस खाली पोचेपर्यंत बेशुद्ध होतो. सांडपाण्याच्या टाकीत किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, हे फार थोड्यांना माहीत असतं. 'आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही' असं म्हणणारा मुकादम खोटं बोलत नसतो. त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

आणि मग दुसरा माणूस उतरतो. आत पडलेला बहुतेक वेळा त्याचा भाऊ असतो, मेहुणा असतो, गावाकडचा सोबती असतो, कारण ठेकेदाराची टोळी एकाच गावची असते. कामाच्या जागेवरच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने १९८६ सालीच इशारा दिला होता की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण पहिल्याला वाचवायला उतरलेले असतात. आपल्याकडच्या बातम्याही तशाच असतात: एक उतरला, मागोमाग दुसरा, मग तिसरा. डोळ्यांसमोर आपला माणूस पडलेला असताना न उतरणं हे माणसाच्या रक्ताविरुद्ध आहे. ते व्याख्यानाने येत नाही. त्यासाठी पहिला माणूस उतरण्याआधीच त्याच्या कमरेला दोर बांधलेला असावा लागतो, वर तिवई आणि कप्पी असावी लागते, आणि ‘काही झालं तर मी उतरणार नाही, ओढणार’ हे वरच्या माणसाने रिकाम्या टाकीवर चार वेळा करून पाहिलेलं असावं लागतं. हवा तपासल्याचा लेखी दाखला नसेल, किंवा श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा नसेल, तर आत माणूस उतरवायचा नाही हा नियम १९४८ च्या अधिनियमातला आहे. गटारात माणूस उतरवण्यावर २०१३ चा कायदा आहे आणि अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मुकादमाच्या हातात मात्र अजूनही वायूमापक नसतो. ते यंत्र काही हजारांना मिळतं, हातात मावतं, दोरीने टाकीत सोडता येतं.

समजा कामगाराला हे सगळं शिकवलं. तो टाकीपाशी उभा राहून म्हणाला, आधी मोजा, मगच उतरतो. मग? दुसऱ्या दिवशी ठेकेदार त्याला बोलावत नाही. नवी संहिता त्याला गंभीर धोका दिसला तर मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालायचा हक्क देते. काम थांबवून बाजूला व्हायचा हक्क त्यात तितक्या स्वच्छ शब्दांत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात तो आहे: जिवाला धोका आहे असं मानायला सबळ कारण असताना जो कामगार कामापासून बाजूला होतो, त्याला त्याचे दुष्परिणाम भोगावे लागू नयेत. २०२२ साली संघटनेने हा करार मूलभूत करारांत घेतला. मला हा या साऱ्याचा कणा वाटतो. धोका ओळखायला शिकवायचं आणि ओळखल्यावर तोंड उघडलं तर रोजी घालवायची, असं असेल तर कामगार एकच गोष्ट शिकतो. गप्प बसायचं.

यंत्रमागधारकांची बाजू मला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. धंदा मंदीत आहे, माग भंगारात गेले आहेत, सुताचा भाव आणि विजेचं बिल यांतून हातात काय उरतं ते त्यांनाच माहीत. सहा-आठ मागांच्या शेडवाल्याने सुरक्षा अधिकारी कुठून ठेवायचा? कायदाही तशी अपेक्षा करत नाही. नव्या संहितेत सुरक्षा अधिकारी लागतो तो ५०० कामगारांच्या कारखान्यात, धोक्याची प्रक्रिया असेल तर २५० च्या. कारखाना म्हणायलाच विजेवर चालणाऱ्या जागी २० कामगार लागतात. त्यामुळे सोलापुरातल्या शेकडो शेड या व्याख्येत बसतच नाहीत. एकाच छपराखाली दोन-तीन नावांनी युनिट दाखवली की राहिलेलेही सुटतात. म्हणजे जिथे वाट अरुंद, वायरी जुन्या आणि वर माणसं झोपलेली, तिथेच कायद्याचं लक्ष सगळ्यात कमी. संहितेत यावर एक दार ठेवलेलं आहे. काम धोक्याचं असेल तर सरकार अधिसूचना काढून एका कामगाराच्या जागेलाही तिच्या तरतुदी लावू शकतं. टाकीत उतरण्याचं काम, डाईंग आणि माणसं राहतात असे टॉवेलचे शेड, एवढ्यांपुरती तरी ती अधिसूचना महाराष्ट्राने काढावी.

खर्चाचं उत्तर वाटून घेण्यात आहे. एका एमआयडीसीला चार वायूमापक, दोन तिवया आणि तेलुगू-मराठी-हिंदी बोलणारे पाच-सहा प्रशिक्षित जॉबर पुरतात. कारखानदारांच्या संघटनांनी हे मनावर घेतलं तर एका शेडच्या वाट्याला येणारी रक्कम महिन्याच्या चहाच्या बिलाएवढीही होणार नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची माणसं कमी आहेत अशी तक्रार नेहमीची आहे. ती खरी मानली तरी असलेल्या माणसांनी काय बघायचं हे बदलता येतं. नव्या कायद्यात निरीक्षक मार्गदर्शकही झाला आहे. चांगलं आहे. मग त्याने शेडमध्ये पाय ठेवल्यावर आधी ऑफिसात जाऊ नये. समोर दिसेल त्या कामगाराला, दुभाष्या लागला तर घेऊन, एवढंच सांगावं: आत्ता लाइट गेली आणि धूर झाला, तर मला इथून बाहेर ने. तो कामगार सरळ चालत बाहेर आला तर प्रशिक्षण झालं. गठ्ठ्यांपाशी अडला, किंवा कुलूप लागलेल्या दारापाशी थांबला, तर रजिस्टरात कितीही सह्या असोत, शेरा 'प्रशिक्षण नाही' असाच पडायला हवा.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. शपथा होतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, बक्षिसं वाटली जातात. त्याच आठवड्यात रात्रपाळीला, सगळे थकलेले असताना, एकेका शेडमधली वीज बंद करून सगळ्यांना बाहेर काढून बघावं. वर झोपलेल्या बायकामुलांसकट. किती वेळ लागला तो आकडा दारावर खडूने लिहावा आणि पुढच्या वेळी तो कमी करून दाखवावा.

आणि युनियनवाल्यांना एक सांगणं आहे. लाल बावट्यापासून सगळ्यांनाच. दिवाळी आली की बोनस आणि मजुरीवाढीची बोलणी होतात, कधी संप होतो. त्या मागण्यांच्या यादीत हे कलम येऊ द्या: महिन्याला एक तास सराव, माग बंद ठेवून, कामगाराच्या भाषेत, आणि त्या तासाला मागच्या आठवड्याच्या सरासरीने पूर्ण मजुरी. धोका दिसला म्हणून थांबवलेल्या कामाचीही त्याच दराने. करारावर मालक सही करतील ती या ओळीखाली करू द्या, म्हणजे कामगाराला त्या तासात घड्याळाकडे बघावं लागणार नाही.